चौकटीच्या कडेला

मोबाइलमध्ये कॅमेरा आला आणि माणसाची रस्त्यात थांबायची सोय झाली. त्याचे बाकीचे उपकार-अपकार काय असतील ते असोत, हा एक उपकार मात्र मी मान्य करते. पूर्वी भर रस्त्यात, काही कारण नसताना, एखाद्या भिंतीकडे बघत उभं राहिलं की येणारेजाणारे काळजीने विचारायचे, “काही पडलं का?” बाईमाणूस असेल तर आणखी काळजीने, “कुणाकडे जायचंय?” मी या भिंतीकडेच आले आहे, असं सांगायचं धैर्य फार थोड्यांच्या अंगी असतं. त्यामुळे आमच्या पिढीने चालता चालता बघायची विद्या शिकून घेतली. मान सरळ, पाय चालू आणि नजर तेवढी तिरकी. बांधावरून जाताना शेजारच्या शेतातली ओंबी हळूच ओढून घेणाऱ्या बैलासारखी. पोटभर बघणं कधी झालंच नाही. आता फोन डोळ्यांसमोर धरला की सगळं बदलतं. लोक वळसा घालून जातात, कुणी वाकून जातं, एखादा सायकलवाला तर फोटो होईपर्यंत पाय टेकून थांबतो. गटारावरच्या लोखंडी जाळीत उगवलेल्या तेरड्यासमोर तुम्ही पाच मिनिटं उभे राहिलात तरी तुमच्या डोक्याविषयी कुणी शंका घेत नाही. उलट तुमच्या फोनच्या रोखाने तेही बघतात, काही दिसत नाही म्हणून पुन्हा बघतात, आणि मग आपल्यालाच समजलं नसावं अशा चेहऱ्याने निघून जातात.

ही प्रतिष्ठा कुठवर जाते याचा अनुभव मला एका पावसाळ्यात आला. आमच्या भागातल्या एका जुन्या इमारतीच्या मागच्या बाजूला पाण्याचा पाइप सांध्यात गळतो. वर्षानुवर्षं गळत असावा, कारण त्या ओलीवर एक सबंध प्रदेश वसला आहे. वर काळपट हिरवं जुनं शेवाळ, खाली पोपटी नवं, कडेला वाळून रुपेरी झालेलं. मधून नखाएवढे नेचे, आणि सगळ्यांच्या वर, सांध्याच्या अगदी कुशीत, पिंपळाचं रोप. दोनच पानं, तीही अजून तांबूस, आत दिवा लावल्यासारखी. मी जरा जवळ जाऊन फोटो काढत होते तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून एक गृहस्थ ओरडले, “आलात का? थांबा, खाली येतो.” आले. बनियन, लेंगा, हातात छत्री. “बरं झालं आलात. नुसता हाच नाही हो, पलीकडचाही बघा.” पलीकडचा खरोखर बघण्यासारखा होता. तिथलं शेवाळ भिंतीच्या पोपड्यांखाली शिरून त्यांना पाकळ्यांसारखं उचलत होतं. मी फोटो काढत गेले, गृहस्थ माझ्या डोक्यावर छत्री धरून मागे मागे. टाकी झाली, जिन्याखालचा ओलावा झाला. एका ठिकाणी त्यांनी स्वतःहून बादली बाजूला केली आणि मागची शेवाळलेली मोरी अशी पुढे केली, की उपवर मुलगी दाखवतानाही कुणी इतकं हौसेने पुढे करत नसेल. शेवटी त्यांनी विचारलं, “मग कधी होईल काम?” मी म्हटलं, “अहो, मी नुसते फोटो काढते.” त्यांनी क्षणभर विचार केला आणि समजूतदारपणे मान हलवली. “हो, आधी फोटोच काढतात.”

असे पुष्कळ फोटो माझ्याकडे साठले आहेत. गंजलेल्या फाटकावर गंजाने काढलेलं कुठलंसं बेट. जाळीदार डोसा. चिरलेल्या भेंडीच्या चकत्यांची पाच पाकळ्यांची फुलं, ताटभर. अळूच्या पानावरचा थेंब तर आहेच. तो सगळ्यांकडे असतो, त्याच्याशिवाय या नादाची पाटीपूजा होत नाही. खिडकीच्या चौकटीत कुंभारणीने घर केलं त्याची तर सबंध मालिका आहे. कुंभारीण म्हणजे ती सडपातळ कमरेची माशी, चिखलाचा एकेक गोळा तोंडातून आणून सुगडाच्या तोंडाचं इवलं मडकं घडवते. चाक नाही, हाताखाली माणूस नाही. मडकं झालं की आत अंडं ठेवते, बेशुद्ध केलेल्या अळ्या पिल्लाची शिदोरी म्हणून भरते आणि तोंड लिंपून निघून जाते, पुन्हा वळून बघायला येत नाही. आमची आजी म्हणायची, कुंभारणीने घर केलं की त्या घरात पाळणा हलतो. आमच्या घरात आता सर्वांत तरुण म्हणजे मी, साठीला आलेली. तरीही ते मडकं झाडूने पाडायचं माझ्या जिवावर येतं. कुणी सांगावं, शेजारच्या घरासाठीचा निरोप चुकून आमच्या पत्त्यावर पडला असेल.

फोनला मात्र माझ्या या संग्रहाचं काय करावं ते कळत नाही. त्याची शिकवण वेगळी आहे. त्याला माणसं ओळखायला शिकवलं आहे, आणि माझ्याकडे माणसंच नाहीत. मग तो बिचारा असेल त्यात भागवतो. एकदा स्वयंपाकघरातल्या एका नारळाचा मी फोटो काढला होता, शेंडी तिरकी, डोळे जरा मिश्कील. फोनने त्याला माणूस ठरवलं, चेहऱ्याभोवती गोल काढला आणि नम्रपणे विचारलं, याचं नाव काय? मी दिलं नाही. थोड्या दिवसांनी त्याने दुसऱ्या एका नारळाचा फोटो शोधून आणला आणि पुन्हा विचारलं, हीच ती व्यक्ती आहे का? पहिला नारळ तोवर संकष्टीला फुटला होता, त्याच्या वड्याही संपल्या होत्या. आता काय सांगावं? अधूनमधून हाच फोन आपण होऊन ‘आठवणी’ म्हणून चित्रफीत तयार करतो. गळका पाइप, गंजकं फाटक, भेंडी, पुन्हा पाइप, आणि मागे काळीज पिळवटून टाकणारं व्हायोलिन. ते ऐकून मलाही उगीच वाटतं, काय दिवस होते ते, पाइप गळत होता तेव्हाचे.

हा नाद काही मी लावून घेतलेला नाही, छायाचित्रणाबरोबरच तो जन्माला आला आहे. आज शिल्लक असलेलं सर्वांत जुनं कॅमेऱ्याचं चित्र फ्रान्समधल्या नीसेफोर न्येप्सने १८२६-२७च्या सुमाराला घेतलं, तेही स्वतःच्या खिडकीतून. दिसतात ती शेजारची छपरं. चित्र उमटायला इतका वेळ लागला की तोवर सूर्य या बाजूचा त्या बाजूला गेला, आणि ऊन घरांच्या दोन्ही अंगांना पडलेलं उमटलं. या सर्वांत जुन्या फोटोतच सकाळ आणि संध्याकाळ एकत्र नांदताहेत. पुढे इंग्लंडात विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट या गृहस्थाने घरभर लहान लहान लाकडी कॅमेरे मांडून ठेवायला सुरुवात केली. त्याची बायको कॉन्स्टन्स त्यांना उंदराचे सापळे म्हणायची. नवऱ्याच्या छंदाकडे बघायची ही नजर मला फार ओळखीची वाटते. या टॅल्बटने १८४४ पासून हप्त्याहप्त्याने एक पुस्तक काढलं, ‘द पेन्सिल ऑफ नेचर’. त्यात खरी छायाचित्रं हाताने चिकटवलेली होती. त्यातल्या एका चित्रात काय आहे? एक उघडं दार, आत अंधार, बाजूला लटकवलेला कंदील आणि घोड्याचा लगाम, आणि दाराला टेकवून ठेवलेला खराटा. बस्स. माणूस नाही, कुत्रं नाही. उन्हात खराट्याची तिरपी सावली दारावर पडली आहे. रोजच्या साध्या वस्तू चितारणाऱ्या जुन्या डच चित्रकारांचा दाखला देऊन त्याने सुचवलं आहे की चित्राला एवढा विषय पुरे.

आमच्या घरात १८४४ साली फोटो निघत असते तर पहिलं वाक्य ऐकू आलं असतं, “अगं, आधी ती केरसुणी उचल.” १९७० सालीही तेच ऐकू येत होतं. लक्ष्मीपूजनाला जिला हळदकुंकू वाहायचं, तीच केरसुणी फोटोच्या वेळी मात्र दाराआड. तिच्यासारखीच बादली, वाळत घातलेले कपडे, पाटा-वरवंटा, चुलीजवळची फुंकणी, सगळ्यांना हद्दपार केलं जायचं. फोटो माणसांचा असतो, आणि माणसं कुठल्याही वस्तूवाचून, जणू निर्वात पोकळीत जगतात, अशी त्या काळाची समजूत होती. स्टुडिओत तर ती पोकळीही रंगवून मिळायची. मागे पडद्यावर चंद्र, ताजमहाल किंवा तळ्यातलं हंसाचं जोडपं. मुलाच्या हातात प्लॅस्टिकचा टेलिफोन. ज्या घरात टेलिफोन यायला अजून वीस वर्षं होती त्या घरातलं मूल त्या फोनवर कुणाशी बोलत असेल, हा प्रश्न मला अजून पडतो.

सांगलीच्या वाड्यात वडिलांकडे आग्फा क्लिक थ्री होता. काळा, ठोकळेबाज, दिसायला गरीब. एका रोलमध्ये बारा फोटो. हे बारा फोटो वडील एखाद्या संस्थानाच्या खजिनदाराच्या तोऱ्यात खर्च करत. गणपतीत घातलेला रोल संक्रांत आली तरी संपलेला नसे. मग तो धुवायला जाणार, कॉप्या येणार, आणि एकाच पाकिटातून गौरी, दिवाळी आणि हलव्याचे दागिने घातलेलं बाळ एकदम बाहेर पडणार. फार जवळ गेलं की त्या कॅमेऱ्याला धूसर दिसायचं. बिचाऱ्याला जन्मतःच चाळिशी होती. म्हणजे कुंभारणीचं मडकं, शेवाळ, थेंब हे त्याला दाखवूनही उपयोग नव्हता. वडिलांचा एकच नियम होता. सूर्य पाठीशी पाहिजे. पाठीशी म्हणजे काढणाऱ्याच्या. आमच्या तो थेट डोळ्यांत यायचा, त्यामुळे त्या सगळ्या फोटोंत आमचं कुटुंब कुठल्याशा दूरच्या संकटाकडे डोळे बारीक करून बघत उभं आहे. बत्तीस दात काढून हसणारा एकटा धाकटा काका, आणि तोही नंतर कळलं की शिंकत होता.

हा अल्बम आता माझ्याकडे आहे. काळी पानं, मध्ये बटरपेपर, कातरलेल्या कडांच्या कॉप्या कोपऱ्यांत अडकवलेल्या. पूर्वी मी त्यात माणसं बघायची. माणसं पाठ झाली. आता वय झाल्यावर माझा डोळा त्यांच्या खांद्यावरून पलीकडे जायला लागला आहे. भावाच्या मुंजीच्या फोटोत डाव्या कडेला अर्धा बंब आहे. तांब्याचा, त्याच्या पोटावर अंगणाचं वाकडं प्रतिबिंब. हद्दपारीतून तो सुटला, कारण पेटलेला होता आणि पेटलेला बंब कोण हलवणार? आत्याच्या खांद्यामागे घडवंचीवर रचलेली अंथरुणं. वरून तिसरी गोधडी माझी, आजीच्या जांभळ्या लुगड्याची. काळ्या-पांढऱ्या फोटोत ती करडी दिसते, पण मला जांभळी दिसते. एका फोटोत मांजराचा मागचा अर्धा भाग चौकटीतून बाहेर निघाला आहे. पुढचा अर्धा भाग कुठल्याच फोटोत नाही. ते मांजर तोंडाने कसं होतं, आता कुणालाच आठवत नाही.

आणि आईची रांगोळी. ती रोज पहाटे सडा घालून ठिपक्यांची रांगोळी काढायची आणि संध्याकाळपर्यंत ती पायांनी, सायकलींनी, वाऱ्याने आणि चिमण्यांनी वाटून घेतलेली असायची. एवढ्या वर्षांत तिचा एकही फोटो कुणी काढला नाही. काढायचा असतो हे कुणाच्या मनातही आलं नाही. आईच्या तर मुळीच नाही. उद्या सकाळी नवी काढायचीच आहे, तर आजची जपून ठेवायची कशाला, असं तिचं रोखठोक गणित. फक्त एका दिवाळीच्या फोटोत, आम्ही सगळे नवे कपडे घालून ओळीने उभे आहोत, तिथे माझ्या परकराच्या काठापाशी रांगोळीचा एक कोपरा आला आहे. चार ठिपके, दोन वळणं आणि एक टोक. त्यावरून ती सबंध रांगोळी पुन्हा मांडायचा प्रयत्न मी आणि ताई किती तरी वेळा करतो. ताई म्हणते कमळ होतं, पंधरा ते आठ ठिपक्यांचं. मी म्हणते कासव. वहीच्या पाठीमागे ठिपके देऊन आम्ही आपापलं म्हणणं सिद्ध केलेलं आहे, आणि गंमत म्हणजे दोन्ही जुळतात.

वडील स्वतः त्या अल्बममध्ये नाहीत. कॅमेरा त्यांच्याच हातात, दुसऱ्याच्या हाती द्यायचा तर बारातला एक वाया जायची भीती. पण सूर्य पाठीशी ठेवायच्या त्यांच्या नियमाने एक केलं. संध्याकाळच्या फोटोंत आमच्या पायांशी एक लांब सावली येऊन पडली आहे. दोन्ही कोपरं बाहेर काढलेली, डोकं जरा झुकलेलं. लहानपणी ते डाग वाटायचे.

ताईची गोष्ट वेगळीच. ती सांगलीलाच राहते. शाळेत कार्यानुभव शिकवायची, आणि निवृत्त झाल्यावर तिचा कार्यानुभव धरण फुटावं तसा मोकळा झाला. टाकाऊतून टिकाऊ हे वाक्य तिने इतकी वर्षं फळ्यावर लिहिलं की आता तिला जगात टाकाऊ काही दिसतच नाही. लग्नपत्रिकांची पाकिटं होतात, करवंट्यांचे दिवे होतात, जुन्या साड्यांची पायपुसणी होतात. मिक्सरला क्रोशाचा फ्रॉक आहे. कुणी पाहुणे आले की तो मिक्सर लाजून बसल्यासारखा वाटतो. आईसारख्या वायरच्या पिशव्याही ती विणते, आणि त्यांची घट्ट गाठ आजही तिच्या बोटांना बिनचूक आठवते. प्रत्येक वस्तू पुरी झाली की तिचा फोटो मला येतो. ताईची फोटो काढायची पद्धत ठरलेली आहे. वस्तू खिडकीपाशी जमिनीवर ठेवायची, आपण तिच्यापाशी उभं राहायचं आणि सरळ खाली फोन धरायचा. त्यामुळे प्रत्येक फोटोत वस्तू मधोमध, आणि खालच्या कडेला ताईच्या पायाचा अंगठा, शेजारच्या बोटात जोडवं.

सुरुवातीला मला वाटलं, मुद्दाम ठेवत असेल. भूगर्भशास्त्राची माणसं खडकाचा फोटो घेताना आकाराचा अंदाज यावा म्हणून शेजारी हातोडी नाहीतर नाणं ठेवतात, तसं. पण ताईला विचारलं तर ती म्हणाली, “कुठला अंगठा?” तिने तो कधी पाहिलेलाच नव्हता. तिचं सगळं लक्ष पिशवीच्या तळाकडे. माझं मात्र हळूहळू उलटं होत गेलं. करवंटीच्या दिव्याला मी “छान” म्हणते, पण बघते अंगठा. थंडी पडली की त्याच्यावर मोजा येतो, अंगठ्याचं घर वेगळं असलेला. भाचीच्या लग्नाच्या आधी नखावर मेंदी होती. एका पायपुसण्याच्या फोटोत चिकटपट्टी दिसली. पाटा पायावर पडल्याचं तिने फोनवर सांगितलंच नव्हतं. एकदा एक निळी-पांढरी पिशवी आली, विणीत एक चूक नाही, आणि कडेला पाऊल जरा जास्तच भरलेलं. मी लगेच फोन केला.

“ताई, पाय सुजलेत का तुझे?”

“तुला कोणी सांगितलं? पिशवी कशी झालीय ते सांग आधी.”

सुजलेच होते. रक्तदाबाच्या नव्या गोळीने. डॉक्टरांनी ती बदलून दिली, आणि पुढच्या पिशवीत पाऊल पुन्हा जागेवर आलं.

दिवाळीत आमच्या सोसायटीतली पोरं पार्किंगच्या कोपऱ्यात किल्ला करतात. विटा, दगड, गोणपाट, वर चिखलाचा लेप, त्यावर हळीव पेरलेले. चार दिवसांत डोंगर हिरवा होतो, पाडवा उलटला की पिवळा पडतो. महाराज सिंहासनावर, ते सिंहासन बालेकिल्ल्यापेक्षा मोठं. पहारेकरी मावळा दरवाजातून आत जाऊ शकत नाही, म्हणून कायमचा पहाऱ्यावर. गुहेत वाघ, वाघाशेजारी प्लॅस्टिकची गाय, आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. “काकू, तुम्ही सारख्या फोटो काढता ना,” म्हणत त्यांचा नऊ-दहा वर्षांचा किल्लेदार मला न्यायला आला. अट एकच होती, किल्ला खरा वाटला पाहिजे. वरून काढला तर तो किल्ल्याचा ढिगारा दिसत होता. मग किल्लेदाराच्या सांगण्यावरून मी पार्किंगच्या फरशीवर पालथी पडले आणि फोन जमिनीला टेकवला. आणि खरोखर, हळिवाचं रान झालं. पोरांनी ओतलेल्या पाण्याचा ओघळ दरीत उतरला. मावळा आभाळाला टेकला. फक्त आभाळाच्या जागी एका मोटारीचा बंपर आला, नंबरप्लेटसकट. पोरांनी मसलत केली. दोघांनी गोणपाट घेऊन किल्ल्यामागे उभं राहायचं, म्हणजे ढगाळ हवा दिसेल. फोटो झाला. किल्ला इतका खरा की बघणाऱ्याने कुठला म्हणून विचारावं. त्याच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांत ढग घट्ट धरलेली चिखलाने माखलेली बोटं. किल्लेदार ती बघून हळहळला. “बोटं काढून टाकता येतात का, काकू?” येतात, पण मी येत नाहीत असं सांगितलं. त्या दिवशी दुपारभर ज्यांनी चिखल तुडवला त्यांचं त्या फोटोत दुसरं काही नव्हतं.

जुन्या अल्बमात माणसं मधोमध आणि वस्तू चोरपावलांनी कडेला आलेल्या. आमच्या फोटोंत वस्तू मधोमध बसल्या आणि माणसं कडेला गेली, बोटापुरती, अंगठ्यापुरती. ढोबळी मिरची घ्या. एडवर्ड वेस्टन या अमेरिकन छायाचित्रकाराने १९३० साली मिरच्यांचे फोटो काढले, त्यातली तीस नंबरची मिरची जगप्रसिद्ध झाली. ती त्याने पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवली, म्हणजे चारी बाजूंनी उजेड फिरून तिच्यावर येईल. बघताना वाटतं, कुणी पाठमोरं, गुडघे पोटाशी घेऊन बसलं आहे. मिरचीत माणूस आणायला केवढी ती साधना; आणि मग त्यातल्या काही मिरच्या सॅलडमध्ये गेल्या, फुकट नाही घालवल्या. मीही एकदा नरसाळं शोधून, ओट्यावरच्या सकाळच्या उन्हात मिरची मांडली. पुष्कळ खटपट केली तरी मिरचीत काहीच आलं नाही, ती मिरचीच राहिली, भाजीवाल्याने गळ्यात मारलेली, एका बाजूने दबलेली. पण नरसाळ्याच्या चकचकीत पत्र्यावर एक वाकडी सावली उतरली होती. डोकं झुकलेलं, दोन्ही कोपरं बाहेर. मिरचीची त्या दिवशी पीठ पेरून भाजी केली. फोटो ठेवला आहे.

मध्यंतरी ताईच्या नातवाने तिला फोटो कापायला शिकवलं. शिकवू नये त्या वयात माणसाला नवं काही शिकवू नये. ती विद्यार्थिनी मोठी चोख. पुढची पिशवी आली ती पांढऱ्या कागदावर, चारी बाजूंनी नीट छाटलेली, दुकानातल्या मालासारखी. मी पुष्कळ वेळ बघितली. पिशवी छान होती. तेवढंच कळत होतं. मग आणखी एक आली, तीही तशीच. शेवटी फोन केला.

“ताई, तुझा पाय कुठे गेला?”

“अगं, किती ओशाळले मी! नातू म्हणाला, आजी तुझ्या सगळ्या फोटोंत पाय असतो. एवढी वर्षं पाठवतेय, तू एका शब्दाने बोलली नाहीस!”

“मला तोच हवा असतो.”

पलीकडे ताई जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “वेडीच आहेस. मग सरळ पायाचाच पाठवते की. पिशवीचं लोढणं कशाला मध्ये?”

दुसऱ्या दिवशी फोटो आला. मधोमध दोन पावलं, स्वच्छ घासलेली, नखांना ठसठशीत लाल रंग, जोडवी लखलखीत. आणि डाव्या कडेला, अर्ध्यात कापली गेलेली, एक नवी पिशवी. बंद दोन आहेत की एक, तळ कसा घेतलाय, हिरवी वायर कुठे संपते, काही म्हणता काही दिसेना. मी पुन्हा फोन लावला.